शनिवारचं जेवण

“आज तरी सांग, तुझं सगळ्यात आवडतं हॉटेल कुठलं?”

किती वर्षं झाली, तरी तो मऊ आवाज माझ्या कानात आहे. हॉटेलाबाहेरच्या बाकावर टेबल रिकामं व्हायची वाट बघत मी बसले होते. शेजारी साठीतलं एक जोडपं होतं; विचारत होता तो त्यातला नवरा, बायकोला.

“पुलाजवळचं. तिथले पडदे हलले की भिंतीवरून पाणी वाहतंय असं वाटतं.”

“आणि जेवण?”

“छान होतं की.”

“काय खाल्लं होतंस?”

“अहो, ते कोण लक्षात ठेवतं! टेकडीवरचंही आवडतं मला. खाली एकेक दिवा लागत जातो, जसं कुणी ओंजळीनं पेरत चाललंय.”

“तिथल्या सूपमध्ये मिठाचा कणही नव्हता. मी परत पाठवलं, आणि तू वाटी पुसून मोकळी!”

“भूक लागली होती.”

“पूर्वी माझ्या ताटातला घास पळवायचीस, नावं ठेवायचीस. आता दोन वर्षं सगळंच छान. माझ्या या शनिवारच्या भटकंतीला कंटाळलीस ना? बंद करू या, घरीच जेवू.”

“नको हो!”

“मग खरं सांग.”

ती पायरीवरच्या उन्हाकडे बघत म्हणाली,

“मागे तो ताप आला होता ना, तेव्हापासून जिभेला चवच नाही. गोड नाही, तिखट नाही, काही म्हणता काही नाही.”

“अगं, आणि मला एका शब्दानं…”

“सांगितलं असतं, तर तुम्ही शनिवार बंद केले असते. पहिला घास आवडला की तुमचे डोळे मिटतात. तेवढं बघायला येते मी.”