धाकू नाखव्याचं दुसरं गलबत

चहा निवू दे, आधी हे ऐका! धाकू नाखव्याचं इन्कमट्याक्सचं पत्रक मी भरून दिलं, तेव्हाची गंमत. नाखव्याची गलबतं दोन, पण हट्ट असा की, "वकीलसाहेब, कागदावर येकच दाखवा." मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं, "अहो नाखवा, पकडले गेलात तर दंड भराल, आणि माझी सनद जाईल ती वेगळीच!" पठ्ठ्या हलेना. "उद्या सांगतो," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून हजर. "दोन्ही लिवा."

मी लिहिलं, आणि त्याला घेऊन तडक अलिबागेच्या कचेरीत! पत्रक वाचून साहेब खुर्चीतून उठलेच. "दुसरं गलबत आपण होऊन दाखवणारा या किनाऱ्यावर हा पहिलाच! सल्ला कुणाचा?"

मी छाती फुगवून तोंड उघडणार, तोच नाखवा म्हणाला, "वकिलाचा न्हाय, साहेब. देवाला कौल लावला. येकच गलबत दाखवू का, म्हटलं. उजवं फूल पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाय. डावं पडलं."

माझी छाती बसली, पण साहेबांनी चक्क हात जोडले. "वा! देवानं सांगितलं आणि लगेच ऐकलंत!"

"लगेच कुठं, साहेब? तीनदा कौल लावला. तिन्ही खेपेला डावंच! चौथ्यांदा लावायला सांगितला, तर गुरवच उठून गेला!"