रुमालाखालचं भाडं

तुमी सारखं विचारता ना, थायलंडात इतकी वर्षं मला परवडतं कसं? आमच्या आबांमुळं.

आबांचा जन्म बैलबाजारात गेला. तिथं भाव तोंडानं न्हाई, रुमालाखाली एकमेकाची बोटं दाबून ठरतो. ते चियांगमाईला माझ्याकडं आलते, तवाच म्हातारा घरमालक भाडं वाढवाया आला.

आबा म्हणले, "तू गप. म्या बघतो."

"आबा, त्याला मराठी येत न्हाई."

"बैल इकताना कोन बोलतंय रं?"

असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा रुमाल त्या म्हाताऱ्याच्या हातावर टाकला आन खालून बोटं धरली. म्हातारा आधी दचकला, मग हसला, मग त्यानंबी आबांची बोटं दाबली. दोघं लई वेळ माना हलवीत बसले. भाडं हाय तेवढंच राह्यलं.

आता आबा गावाकडं असत्यात, तरी दरसाल म्हातारा सोताचा रुमाल घेऊन येतो आन माझी बोटं धरतो. म्हणून काल फोनवर आबांना म्हणलं, "त्या बोटांच्या खुणा मला शिकवा."

आबा म्हणले, "त्याला कुठं येत होत्या? तो कटाळस्तोवर म्या हात सोडला न्हाई, एवढंच."