शोधायचे शब्द

आई : काढ म्हणजे काढ. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर.

मुलगा : मी फोटो विकायला टाकतो त्या साइटवरून तुझा फोटो एका मिनिटात निघेल गं. पण तो आता तिथेच थोडा आहे? ती साइट माझे फोटो पुढे पार्टनर साइटना देते. त्या कुठे कुठे विकतात. विकला गेला की आधी त्यांचा वाटा, मग ह्यांचा. उरलंसुरलं ते माझी रॉयल्टी.

आई : म्हणजे मला जगभर फिरवलंस, आणि कोणाच्या दारात उभी केलीस ते तुलाही ठाऊक नाही.

मुलगा : कळतच नाही. रिपोर्टमध्ये नुसतं 'पार्टनर विक्री' येतं. कोणी घेतला, कशाला घेतला, काही नाही.

आई : ताईला कळलं. 'टाकून दिलेले आईबाप' असला कसलासा लेख तिच्या फोनवर आला, आणि वर मी! आपल्या खिडकीत, निळ्या स्वेटरमध्ये. घाबरून फोन केला तिने. म्हणाली, आई, तुला जेवायला घालतात ना?

मुलगा : ताईला राईचा पर्वत करायची सवयच आहे.

आई : पाठ धरली होती म्हणून टेकले होते रे मी तिथे. तू म्हणालास, हलू नकोस, उजेड छान आहे.

मुलगा : नंतर परवानगीच्या कागदावर सही केली होतीस तू.

आई : केली. लेकाने पुढे केलेला कागद कोण वाचत बसतं? पण फोटोचं जाऊ दे. ताईने शोधून काढलं, एका साइटवर फोटोखाली शब्द होते. तिने वाचून दाखवले. म्हातारी. एकटी. नकोशी. ओझं.

मुलगा : ते शोधायचे शब्द असतात, आई. लोक जे टाइप करतात ते. आणि मी नाही लिहिले, मशीन सुचवतं.

आई : सगळे?

मुलगा : सगळे. मी फक्त नको ते खोडतो.

आई : मग काय खोडलंस?

मुलगा : आता कुठे आठवतंय?

आई : आठव.

मुलगा : ...'आजी' खोडलं. फोटोत नातवंडं नव्हती. जे दिसत नाही ते ठेवायचं नाही, असा नियम आहे.

आई : आणि ओझं दिसलं.

मुलगा : अगं, आनंदी म्हातारी कोणी विकत घेत नाही! फुलं, रस्ते, कपबशा, हजारो फोटो टाकलेत मी. लग्नांच्या फोटोंची कामं बंद झाल्यापासून तुझा हा एकच चालतो. लाइट बिल, तुझी औषधं, सगळं त्याच्यावर निघतं.

आई : म्हणजे बिल मी भरते?

मुलगा : तसंच समज.

आई : मग मी ओझं कशी रे झाले?

(मुलगा लॅपटॉप उघडतो.)

मुलगा : हे बघ, हा फोटो. काढतो. दाबू?

आई : आणि औषधं?

मुलगा : बघू काहीतरी.

आई : तुझं 'बघू' मला माहीत आहे. ताईकडे जावं, तर एका खोलीत चौघं झोपतात. राहू दे. नको दाबूस.

मुलगा : मग निदान शब्द बदलतो. पार्टनरकडचे नाही बदलणार, पण इथले तरी. तू सांग, मी लिहितो.

आई : मी कशाला सांगू? मी समोर आहे. तुला दिसतं ते लिही.

मुलगा : आई...

आई : लिही की. सावकाश लिही. मला कुठे जायचंय?