पंचफुलाच्या नावावर

माहं माहेर भातकुलीकडचं, खाऱ्या पान्याचा पट्टा तो, हिरीचं पानी तोंडात घेववत नाई, म्हनून बापानं मले तेल्हाऱ्याकडं, डोंगराच्या पायथ्याले देलं, म्हने तिकडं पानी तरी गोड हाय. पानी गोड भेटलं, बाकीचं काय भेटलं ते आता आयका. नाव माहं बेबी. म्हातारी होत आली तरी बेबीच. माया जावेचं नाव पंचफुला, ते मोठी, मी लहानी, एका आंगनात दोघींच्या दोन चुली. आमी भांडलो नाई असा एक पोयाचा सन गेला नसन, पन बाहेरच्यानं एकीले बोललं का दुसरी पदर खोसून उभी राहे.

आमी दोघीबी शकीलाबीच्या टोयीत. शकीलाबी तेल्हाऱ्यातली, तिचा नवरा गाद्या भरे, अन् ते बायका जमवून कापूस येचाले ने. वावराच्या मालकानं तिले सांगाव, तिनं आमाले. अन् टोयीत एक रीत होती ताई, टोयीतली जागा बाईची नसते, घराची असते. पंचफुला आजारी पडली त मी तिच्या जागी, माहं लेकरू तापलं त ते माया जागी. मालक कवाच इचारत नाई का आज दुसरी कशी आली, त्याले कापूस येचून पाह्यजे, बस. याच्यात कोनाले लबाडी दिसत असन त त्यानं एक दिवस उन्हात वाकून पाहावं.

मंग ते अयीचं वर्स आलं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं का आत अयी. लोकायनं उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडले. कापूसच नाई त टोयी काय करन? बायका शकीलाबीच्या दारी बसल्या राहेत नुसत्या. तवा एक मानूस आला, पांढरा शर्ट, गाडीवर, आमच्याच बोलीत बोले. म्हने गुजरातेत एक मोठं केंद्र हाय, तिथं गोयी खाची, रक्त द्याचं, पंख्याखाली झोपाचं, जेवन त्यायचं. दोन खेपा कराच्या, मंधात थोडे दिवस जाऊ द्याचे, अन् दुसरी खेप झाल्यावर पैसे. गोयी कशाची, शकीलाबीनं इचारलं. म्हने बजारात चालूच हाय व बाई, ह्या कंपनीनं नवीन बनवली, रक्तात बरोबर उतरते का नाई ते पाहाचं हाय. आता तुमच्यासारखे लोक म्हनतेत, काहून गेल्या तुमी? अवं, आमी वावरात फवारा मारतो त्या डब्यावर कवटी काढली राह्यते, तरी मारतोच ना. हे त दवाई होती.

एका घरातली एकच बाई घेत. पंचफुला गेली. पह्यली खेप करून आली त हसतच आली, म्हने बेबी, गादीवर झोपली, अंडं देलं, सुई टोचली तेवढंच, बाकी मी लग्नाले गेल्यावानी राह्यली. तिले काईच झालं नाई, देवाची दया. दुसरी खेप आली अन् त्याच हप्त्यात तिचा बाप गेला, तिकडं नांदगाव खंडेश्वरले. ते रडत रडत गाडीत बसली अन् मले म्हने, तू जाय माया जागी, नाई त पह्यलंबी वाया जाइन. म्या म्हटलं जातो. जसं येचाले जाओ तसंच.

अन् आता हे लिवाच तुमी. आमी चोरून नाई गेलो. तिथं काचेमागं बसला होता त्यानं कार्डावरचा पंचफुलाचा फोटो पायला, माहं तोंड पायलं, परत फोटो पायला. शकीलाबी संगच होती, तिनं साफ सांगतलं, भैया, ये उसकी देवरानी है, उसका बाप मर गया. त्यानं इकडंतिकडं पायलं अन् म्हने, नाम पंचफुला बोलना, बस. त्याले खाटा भराच्या होत्या ना! एक कागद वाचला, आगगाडीवानी वाचला, समझ गए, समझ गए, आमी साऱ्यायनं माना हालवल्या. मंग गोयी देली, तोंड उघडून पायलं गियली का नाई. तोंड बराबर पायलं त्यायनं, तोंडाची बाई कोन ते नाई पायलं. हातात नयी घालून ठेवली अन् घडीघडी येऊन रक्त काढत, अन् दरवेळी म्हनत, पंचफुला, हात दो. म्या हात देला. हात माहा होता ना बापा, का तोबी पंचफुलाचा?

घरी आली अन् काही रोजानं ताप आला. तोंडात फोड आले, पानी गियवेना, डोये असे चिकटले का उघडतच नाई, अन् अंगाची कातडी, काय सांगू तुमाले, उकडलेल्या बटाट्याचं साल निंघते तशी निंघे. माया मालकानं, नवऱ्यानं, मले अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डाक्टरीन, पोरगीच होती, मले पायलं अन् पह्यलं इचारलं, काय औषध घेतलं? हे औषधाचंच हाय. कोनतं ते समजलं नाई त मी काय देऊ अन् काय नको देऊ, चुकून त्याच्यासारखंच दुसरं दिलं त ही बाई हातची जाइन. मले काय नाव मालूम! पांढरी गोयी, एवढंच. 

मालकानं केंद्राले फोन लावला. तिकडून म्हने, पंचफुला? तिची तपासनी झाली, तब्येत चांगली हाय, घरी धाडली. मालक म्हने, पंचफुला नाई जी, माही बायको, बेबी, ते आल्ती तिच्या जागी. तिकडून म्हने, ह्या नावाची बाई आमच्याकडं आलीच नाई. ऐकून राह्यले ना तुमी? आलीच नाई! माहं एवढं रक्त बाटल्यात भरून ठेवलं त्यायनं, अन् मी आलीच नाई! मालकानं जास्त केलं त म्हने, दुसऱ्याच्या नावानं आली असन त पोलिसात देऊ. म्हंजे खाटा भराच्या तवा चालते, अन् बाई मराले टेकली का पोलिस. ते आठवलं का आजबी माहं डोस्कं भनानते. कोनत्या शायेत शिकवतेत हो हे?

मालकानं मंग नांदगावले फोन केला. तिथं बापाची तेरवी व्हाची होती. लेक म्हनून पंचफुलाले बसाच लागे, पन ते उठली. तिचा भाऊ म्हने लोक काय म्हनतीन, त म्हने बाप गेला तो वापस येत नाई, बेबी अजून हाय. शकीलाबीले घेतलं अन् तशीच गुजरातच्या गाडीत चढली, सुतकातली, डोक्याले तेल नाई.

हे मी पायलं नाई, मी त डोये मिटून पडली होती, हे मले शकीलाबीनं सांगतलं, अन् सांगता सांगता तेबी रडे. पंचफुला काचेपुढं उभी राह्यली अन् म्हने, मी पंचफुला, हा माहा फोटो, मले काय खाऊ घातलं त्या गोयीचं नाव सांगा. तो मानूस म्हने, तुमी त चांगल्या हाव बाई. पंचफुला म्हने, चांगली हाओ म्हनून त इथवर आली. तुमचा कागद म्हनते का गोयी मलेच देली, मंग मलेच सांगा. म्हने साहेब नाई, उद्या या. तवा पंचफुला तिथंच दारात बसली. दारात नवीन टोयी आल्ती, कोठच्या का असेना, आमच्याचसारख्या बायका, पिशव्या घेऊन. पंचफुला त्यायले मोठ्यानं सांगू लागली, कातडीचं सांगतलं, डोयाचं सांगतलं. एक बाई उठली, पिशवी उचलली. दुसरी उठली. मंग साहेब नाई होते ते साहेब आतून धावत आले. शकीलाबीनं अकोल्याच्या डाक्टरनीले फोन लावून त्यायच्या हातात देला, म्हने बोलो. अन् त्यायले बोलाव लागलं. फिट येनाऱ्या लोकायची गोयी होती ते. एका मिनिटाचं काम होतं, ताई. एका मिनिटाचं. 

डाक्टरनीले समजलं तशी तिनं दवाई बदलवली. मी वाचली, हे दिसूनच राह्यलं. पन डोये गेले कामातून. पुरे नाई गेले, दिसते, पन पानी येत नाई डोयात, सुकून जातेत, दवाईचे थेंब टाकत राहाव लागते. उन्हात गेली का कोनी तिखट टाकल्यावानी. येचाले जानं बंद झालं. परवा पोरीची बिदाई झाली, सारं आंगन रडलं, मी कोरडी. बायका म्हनल्या, पाय व, किती घट्ट मनाची माय हाय. आता कोनाकोनाले सांगू?

आमी मंगबी केंद्राले सांगतलं, मालकानं अन् शकीलाबीनं दोघायनं, का पैसे नका देऊ, काई नका देऊ, फक्त तुमच्या कागदात लिवा का ह्या गोयीनं बेबीले असं झालं. म्हने कागद बंद झाला, वर कंपनीकडं गेला. पंचफुला दोन्ही खेपा चांगली, असंच वर गेलं. माहा ताप, माही कातडी, माहे डोये, काईच गेलं नाई वर.

ते गोयी आता दुकानात आली असन. कोनाच्या लेकराले फिट येत असतीन, त्याची माय नेत असन विकत. त्या लेकराले गुन येवो, मी वाईट चितत नाई कोनाचं, माया मनात तसं नाई. पन ते माय दुकानात इचारन का याच्यानं कोनाले काई झालं का, अन् तो म्हनन नाई, कोनालेच काई झालं नाई. ते खोटं हाय. मले झालं. तुमी लिवून राह्यले ना, त नाव बदलू नका माहं. बेबी लिवा.