लहान तोंडाचे मासे

अनघा : श्रीखंडाच्या डब्यात, बाबा. फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात. झाकण उघडलं तर आत माती. आणि माती हलतेय!

निशिकांत : गांडुळं आहेत ती. ओरडलीस का तू?

अनघा : ओरडले. पण ऐकायला घरात होतं कोण?

निशिकांत : झाकणाला भोकं पाडली होती मी. म्हटलं, त्यावरून तुझ्या लक्षात येईल.

अनघा : कशाला आणलीत?

निशिकांत : गळाला लावायला. आपल्या ब्लॉकखाली फुलझाडांचा वाफा आहे ना, तिथली. स्वच्छ आहेत.

अनघा : म्हणजे कणीक, बेसन कमी होत होतं, हिंगाची डबी उघडी राहत होती, ते सगळं... मला वाटलं, सुनेच्या हातचं आवडत नाही म्हणून तुम्ही गुपचूप काहीतरी करून खाताय.

निशिकांत : अगं, छे! ते माशांनाच. कणीक, बेसन, चिमूटभर हिंग आणि जरासा कापूस. कापूस नसला तर गोळी पाण्यात विरघळते. उजनी धरणावर नोकरी होती तेव्हा तीस वर्षं हेच केलं. तुझ्या सासूबाई गोळ्या वळून द्यायच्या. इथेही बघतो तर काय, मासे तेच, उजनीतले चिलापी! म्हटलं, या सिंगापुरात ओळखीचं कुणीतरी भेटलं.

अनघा : म्हणजे रोज सकाळी तुम्ही मंदिरात जात नाही.

निशिकांत : मंगळवारी जातो.

अनघा : चार महिने, बाबा! 'देवळात बरं वाटतं' म्हणून सांगत होतात मला.

निशिकांत : तलावावर जातो म्हटलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस. ऊन, घसरणं, एक ना दोन. आणि आमच्या चिरंजीवांनी, अश्विनने, लेक्चर दिलं असतं.

अनघा : आणि ही गांडुळं? उद्या नेणार होतात?

निशिकांत : आता नाही नेता येत. परवा तिथे एक ऑफिसर आला. 'अंकल, नो लाइव्ह बेट' म्हणाला, म्हणजे जिवंत आमिष नको. इथे फक्त खोटं आमिष चालतं, रबराचं नाहीतर प्लास्टिकचं. कणीकसुद्धा नको म्हणाला. पाटीवर लिहिलंय. मी पाटी वाचलीच नव्हती.

अनघा : नाव लिहून घेतलं तुमचं?

निशिकांत : इथे राहायच्या पासवरून नंबर उतरून घेतला. भला होता तसा. या वेळी सोडतो म्हणाला.

अनघा : जूनमध्ये पास वाढवून घ्यायचाय तुमचा! यावरून अडवला तर?

निशिकांत : अडवला तर अडवला.

अनघा : असं काय बोलता?

निशिकांत : वाढवायचा नाहीये, अनघा. अश्विनने वीस तारखेचं परतीचं तिकीट काढलंय माझं.

अनघा : कुठल्या वीस तारखेचं?

निशिकांत : याच महिन्याच्या. सोमवारी जकार्ताला जाताना त्याने विमानतळावरून फोन केला, तेव्हा मीच म्हटलं, काढ. तुला तो सांगणार होता.

अनघा : नाही सांगितलं.

निशिकांत : विसरला असेल. कामाची गडबड.

अनघा : अकरा दिवस राहिले. आणि मला कळतंय ते गांडुळांमुळे.

निशिकांत : अगं, आत नको जाऊस. बस इथे.

अनघा : माझं काय चुकलं तेवढं सांगा.

निशिकांत : तुझं कसलं चुकतंय! एवढंसं घर. तू दिवसभर लॅपटॉपवर नोकरीचे अर्ज भरतेस. सासरा समोर बसला की तुला पाय पसरून बसता येत नाही, मोठ्याने गाणी लावता येत नाहीत. म्हणून मी आठला बाहेर पडतो. एकला जेवायला येतो, चारला पुन्हा जातो. म्हटलं, पोरीला तिचं घर मिळू दे.

अनघा : घर! बाबा, तुम्ही गेलात की मी दार लावते, ते एक वाजेपर्यंत एकाही माणसाशी बोलत नाही. लिफ्टमध्ये कुणी 'मॉर्निंग' म्हणालं तर उत्तर देताना घसा खाकरावा लागतो. अश्विन सोमवारी जातो तो शुक्रवारी येतो, आणि शनिवारी झोपून असतो. पुण्याला आमच्या लॅबमध्ये सहा जणी होतो आम्ही. डबे उघडले की नुसता कलकलाट. इथे मी एक वाजायची वाट बघते. मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा येतो म्हणून निघून जाता.

निशिकांत : मी तिकडे घड्याळ बघत बसायचो. कधी एक वाजतोय.

अनघा : मग लवकर यायचं ना!

निशिकांत : कसा येणार? तू बोलली नव्हतीस.

अनघा : तुम्ही विचारलं नव्हतंत. तिकीट बदलता येईल, बाबा. मी करते अश्विनला फोन.

निशिकांत : नको. जाऊ दे मला. तिकडे भाजी आणायला निघालो तरी चार जण हाक मारतात. इथे चार महिन्यांत परक्या माणसाने मला नावाने हाक मारली ती एकदाच. त्या ऑफिसरने, पासवरचं वाचून.

अनघा : म्हणजे जायचं ठरलंच तुमचं.

निशिकांत : तुझ्यामुळे नाही जात गं. एवढं मनात ठेव.

अनघा : उद्या मी येते तुमच्याबरोबर.

निशिकांत : कुठे?

अनघा : तलावावर. मला शिकवा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, तलावाच्या लाकडी जेट्टीवर. गांडुळं आदल्या संध्याकाळीच वाफ्यात परत सोडली होती. बसमध्ये बसेपर्यंत निशिकांतरावांना वाटत होतं, ही आयत्या वेळी काहीतरी कारण काढेल. तिने काढलं नाही.)

अनघा : गळाच्या दुकानदाराने मला हा प्लास्टिकचा मासा दिला. बघा, डोळेसुद्धा रंगवलेत. अगदी खरा मासा वाटतो.

निशिकांत : हा मोठ्यांसाठी. इथल्या बारक्यांच्या तोंडात तो मावायचाच नाही. आधी माशाचं तोंड बघायचं, मग आमिष निवडायचं. ही घे, रबराची अळी. हिलाही अर्धी तोड.

अनघा : अर्धी का?

निशिकांत : लांब राहिली की शेपूट कुरतडतात आणि पळतात. गळही सगळ्यात बारीक लाव. हां, असा.

अनघा : हिला वास नाही कसला. चव नाही. कशाला येतील मासे?

निशिकांत : गांडूळ आपलं आपण वळवळतं. कणकेला वास असतो. हिला काहीच येत नाही, म्हणून तिचं सगळं आपल्या हाताने करायचं. जरा ओढ. आता थांब. पुन्हा जरा ओढ. थांब. थांबलीस की घेतात.

अनघा : दोरीला हिसका बसला! गेलं.

निशिकांत : जाऊ दे. तू झटका दिलास.

अनघा : पुन्हा हिसका बसतोय. बाबा, ओढतोय!

निशिकांत : काठीचं टोक वर धर. घाई नको. गुंडाळ सावकाश... आला बघ.

अनघा : केवढासा आहे! तळहाताएवढा. अंगावर पट्टे.

निशिकांत : हात ओला कर आधी. कोरड्या हाताने त्याची कातडी सोलवटते.

अनघा : हातात धडधडतोय.

निशिकांत : आता सोड.

अनघा : सोडला. केवढ्या जोरात गेला!

निशिकांत : पहिल्याच दिवशी लागला तुला. मला इथे नऊ दिवस लागले होते.

अनघा : बाबा, वीस तारखेनंतर मी एकटी येईन इथे. नाहीतर दिवसभर घरात नुसती भिंतीकडे बघत बसेन.

निशिकांत : ये. टोपी घालून ये.

अनघा : पण मासा लागला की सांगायचं कुणाला?

निशिकांत : मला फोन कर. तुझे साडेनऊ म्हणजे माझे सात. मी चहा घेत बसलेला असतो.

अनघा : आणि काहीच नाही लागलं तर?

निशिकांत : तरी कर.