पुड्यांचे दोरे

विजयमाला : आवं, पुड्यांचं दोरं कुठं टाकलं तुमी?

लालासाहेब : सोडलं आन् घातलं बंबात. दोऱ्याचा काय चहा करायचाय व्हय?

विजयमाला : झालं का आता! साईराज फोनवर काय म्हनला व्हता? आसामातनं चहाच्या तीन पुड्या धाडतोय, लाल, हिरवा, पिवळा दोरा बांधून. एक त्या पोरीच्या घरच्या मळ्यातली. कुठली त्ये सांगत न्हाई, पिऊन बघा. नेमकी तीच आवडली तर लग्नाचं बोलू.

लालासाहेब : जोनाली नाव हाय तिचं.

विजयमाला : आसंल. मी वासावरनं वळखनार व्हते, आन् तीच आवडली न्हाई म्हनून सांगनार व्हते.

लालासाहेब : म्हंजे कपातच पोरीला नापास करायची?

विजयमाला : करायचीच! आता सांजच्याला फोन येईल, त्येला काय सांगू, बंब पेटलाय म्हनून? घ्या, तिन्हींचा येगळा केलाय. चवथा आपला रोजचा, ताळा बघाया.

लालासाहेब : हं... नुसतं आलं लागतंय.

विजयमाला : आन् ह्यो?

लालासाहेब : ह्यात बी आलं. अगं, समद्यांत आलं, म्हशीचं दूध, वर साखर. ह्यात आसाम कुठनं घावायचं?

विजयमाला : मग चहा आनखी कसा करत्यात?

लालासाहेब : थांब, थांब! ह्यो बघ. ह्यो लय न्यारा हाय. हीच पोरीची पुडी, लाव पैज!

विजयमाला : त्यो आपला रोजचा हाय. कडेगावच्या बाजारातला.

लालासाहेब : आँ? परत दे बघू... माझी जीभच गेली म्हनायची. अगं, तिकडं बिनदुधाचा पित्यात. पलटनीत आसताना मी प्यायलोय. तिन्हींवर नुसतं उकळतं पानी वत.

विजयमाला : वतते. ...ह्येचा रंग बघा, काकवीवानी. घ्या.

लालासाहेब : आधी तू घे. ...अगं, समदा संपवलास की!

विजयमाला : जरा चव बघत व्हते.

लालासाहेब : आवडला न्हवं?

विजयमाला : आवं, साखर न्हाई, तरी घशात ग्वाड ऱ्हायलाय. हीच आसंल का वो तिची?

लालासाहेब : आसंल. नसंल बी.

विजयमाला : आसली तर वाईट म्हनायला जीभ रेटायची न्हाई. आन् नसली तर... नसली तर मला वाईट वाटंल. आसं कसं वो? मला तर ती पोरगी नकोच हाय!

लालासाहेब : का नको, त्ये तरी सांग.

विजयमाला : भ्या वाटतं मला. पोरगं तिकडचंच हुईल. नोकरी सरली की ऱ्हाईल तिच्या मळ्यात, आन् आपन दोघं हितं उसाला पानी पाजत बसू.

लालासाहेब : मी तिकडं व्हतो तवा माझी आई बी ह्येच म्हनायची. आलो का न्हाई माघारी?

विजयमाला : तुमाला तिकडं कुनी असला चहा पाजला नव्हता.

(फोन वाजतो.)

साईराज : हॅलो, आई! प्यायला का? बोल, कुठला दोरा?

विजयमाला : दोरं तुझ्या बानं बंबात घातलं.

साईराज : काय सांगतीस! मग आता?

विजयमाला : एक आवडली बाबा. पन कुठल्या दोऱ्याची, कुनाची, मला काय बी कळंना. डोकं फिरलंय नुसतं.

साईराज : मला तरी फोनवर कसं कळायचं? फोटो काढून धाडतीस?

विजयमाला : फोटोला वास येतो व्हय रं? तिला कळंल का, बघितल्यावर?

साईराज : तिला? आई, तिच्या हातानं वाळवलीय ती. अंधारात दिली तरी सांगंल.

विजयमाला : मग येत्या छुट्टीला घिऊन ये जोनालीला.

साईराज : आई, खरं?

विजयमाला : खरं, खरं. तवर मी पुड्या बांधून ठेवते. घरात दोरं हायती.