‘काढायचे दात’ नावाचा कॉलम

इंदूरच्या पलासियातल्या दातांच्या दवाखान्यात कचरूकाका तोंड बधिर करून घेऊन नंबराची वाट पाहत होते. एकच दाढ काढायची होती. शेजारी दोघं जण लॅपटॉप उघडून दवाखान्याचंच सॉफ्टवेअर सुधारत होते.

“संघदीप भिया, मी तर पेशंटच्या यादीतल्या ‘दात’ कॉलमचं फक्त नाव बदललं. ‘काढायचे दात’ केलं.”

“आणि तो बदल डेटाबेसमध्ये करणारं मायग्रेशन?”

“ते कंप्युटरने आपोआप बनवलं.”

“चालवायच्या आधी वाचलंस?”

“त्याने एवढ्या मेहनतीने लिहिलेलं तपासायचं? बरं दिसतं का ते?”

“अगं प्राची, त्याला नाव बदललेलं कळतच नाही! त्याने जुना कॉलम डेटासकट उडवला आणि नवा कोरा बनवला.”

“कोरा नाही हो. ‘कोरा चालणार नाही, काहीतरी भरा’ म्हणाला, तर मी सगळ्या पेशंटना एकच डिफॉल्ट शब्द देऊन टाकला.”

“बॅकअप?”

“मंगळवारी घेणार आहे ना.”

“डिफॉल्ट काय दिलास?”

“‘सगळे’.”

काकांनी दोन्ही हात वर केले, पण तोंडातून नुसतं “अँ, अँ” निघालं.

“बघा, काकांनाही पसंत आहे.”

तेवढ्यात आतून नर्सबाईंची हाक आली, “कचरूजी, चला! आणि घरी कळवून टाका, आज बराच वेळ लागेल.”